हुतात्मा एक्सप्रेसमधली शेजारची सीट

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरहून पुण्याला निघालं की जवळजवळ चार तास हाताशी असतात. गाडी हलते न हलते तोच निम्मा डबा कानात हेडफोन घालून मोकळा होतो. मीही घालायचो. मागच्या हिवाळ्यात मोहोळ यायच्या आतच फोनची बॅटरी संपली. शेजारी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एक मावशी बसल्या होत्या. नवऱ्याचा जन्म चादरीच्या मागावर गेला, त्या घरी कांड्या भरायच्या. कुर्डुवाडी मागे पडली तशी त्यांनी फडक्याची गाठ सोडली, कडक भाकरी मोडली, वर तेल सुटलेली शेंगाची चटणी ठेवली आणि मला न विचारताच पुढे केली. दौंड कधी आलं ते कळलं नाही.

सकाळी कुणी विचारलं असतं, गप्पा की गाणी, तर मी गाणीच म्हणालो असतो.

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न शिकागोत लोकलने कामावर जाणाऱ्यांना घातला. त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना एकटंच बसायला, काहींना रोजच्यासारखा प्रवास करायला. सगळ्यात छान प्रवास झाला तो बोलणाऱ्यांचा. ज्यांना नुसता अंदाज विचारला होता, त्यांनी मात्र नेमकं उलटं सांगितलं होतं. समोरच्याला बोलायचं नसेल असं आपल्याला वाटतं. त्यालाही आपल्याबद्दल तेच वाटत असतं, आणि दोघंही मान खाली घालून बसतात.

पैशाच्या बाबतीतही असाच अंदाज चुकतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४६ जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले आणि संध्याकाळपर्यंत ते स्वतःवर किंवा दुसऱ्यावर खर्च करायला सांगितले. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी जास्त खुशीत होते; पाच की वीस, याने फरक पडला नाही. अंदाज करणाऱ्यांनी वीस डॉलर आणि स्वतःवर खर्च, यालाच पसंती दिली होती. ४६ म्हणजे फार थोडी माणसं, हे खरं. पण नंतर मोठ्या गटांवर केलेल्या प्रयोगांतही कल तोच दिसला.

एवढ्याशा गोष्टींना इतकं वजन का? मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांनी १९९१ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलं, की माणूस किती सुखी आहे हे आनंद किती मोठा होता यापेक्षा तो किती वेळा झाला यावरून जास्त कळतं. मोठ्या आनंदाला आपण सरावतो. होटगी रोडला नवा फ्लॅट घेतला की काही महिन्यांत तो नुसतं घर होतो. मेंदूतही याच्याशी जुळणारं काही घडतं. मेंदूचे अभ्यासक वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी अनपेक्षित रसाच्या थेंबाने चेतवल्या जात. थेंब ठरल्याप्रमाणे येऊ लागला की तो मिळताना त्या पेशी फारशा हलत नसत. ठरलेल्या पगारापेक्षा न मागता पुढे आलेली भाकरी मनात जास्त का राहते, ते यावरून थोडं समजतं.

निवड करण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. आई चादर घ्यायला जाते तेव्हा दोन दुकानं बघते. वीण घट्ट आहे का हे बोटांनी चाचपते, चादर उलटी करून मागच्या बाजूची नक्षी बघते, भाव करते आणि घेते. त्या चादरीबद्दल ती पुन्हा बोलत नाही. मी सतरा ठिकाणचे दर फोनवर ताडतो आणि घेतल्यावरही ताडत राहतो. माणसं निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी आईच्या पद्धतीचा अभ्यास कितीतरी आधी केला होता: पुरेसं चांगलं मिळालं की थांबायचं. मानसशास्त्रज्ञ बॅरी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांना २००६ मध्ये नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांत दिसलं, की सर्वोत्तमाच्या मागे धावणाऱ्यांना सुरुवातीचा पगार सुमारे २० टक्के जास्त मिळाला, तरी नोकरीबद्दल ते कमी समाधानी होते.

हे सगळं सांगताना हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या आपल्या शहरातल्या बायका डोळ्यांसमोर येतात. दिवसच ज्यांच्या हातात नाही, त्यांना निवडीचे धडे देण्यात अर्थ नाही. त्यांना आधी मजुरी पुरेशी हवी. पण त्या एकत्र बसून विड्या वळताना तेलुगू, कन्नड, मराठी मिसळून गप्पा मारतात, तेव्हा एप्लींचा निष्कर्ष त्यांना कुणी सांगायची गरज नसते.

त्याच संध्याकाळी मी परतीच्या हुतात्मात बसलो. फोन आता पूर्ण चार्ज होता. हेडफोन बॅगेतच ठेवले. शेजारचा कॉलेजातला पोरगा गाणी ऐकत होता. दौंड सुटल्यावर त्याला विचारलं, "सोलापूरलाच का?" त्याने एका कानातलं काढलं आणि म्हणाला, "व्हय, तुम्ही?"