किण्वन : पुणे परिसरातील यीस्ट आणि जीवाणू

यीस्ट, जीवाणू यांसारखे सूक्ष्मजीव शर्करेचे रूपांतर अल्कोहॉल, आम्ल किंवा वायू यांत करतात, त्या प्रक्रियेला किण्वन म्हणतात. पुणे शहर आणि जिल्हा यांत ही प्रक्रिया घरातल्या विरजणापासून साखर कारखान्यांच्या आसवनीतील (डिस्टिलरीतील) लाखो लिटरच्या टाक्यांपर्यंत सर्व प्रमाणांवर चालते, आणि तिच्याशी संबंधित संशोधनसंस्थांची येथे जेवढी दाटी आहे, तेवढी देशात फार थोड्या ठिकाणी आढळेल.

किण्वन हे सजीवांचे कार्य आहे, हे लुई पाश्चर यांनी 1857 पासूनच्या आपल्या निबंधांतून मांडले. यीस्टच्या पेशी फोडून काढलेला रसही साखर आंबवू शकतो, हे एदुआर्द बुकनर यांनी 1897 मध्ये दाखवले आणि विकरांच्या अभ्यासाला त्यातून वाट मिळाली. हिशेब सरळ आहे : 180 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 92 ग्रॅम इथेनॉल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. प्रत्यक्षात पेशींची वाढ, ग्लिसरॉल आणि नको असलेली आम्ले यांत काही साखर खर्च होत असल्याने हा आकडा कधीच पूर्ण गाठला जात नाही. सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी हे या कामातील प्रमुख यीस्ट असून, साखर मुबलक असेल तर ते ऑक्सिजन उपलब्ध असतानाही अल्कोहॉलच तयार करते. म्हणून बेकरीसाठी यीस्ट वाढवणाऱ्या कारखान्यात भरपूर हवा खेळवून साखर थोडी थोडी द्यावी लागते.

स्वयंपाकघरात मात्र प्रमुख वाटा यीस्टचा नसून लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जीवाणूंचा असतो. दुधाला विरजण लावले की लॅक्टोकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस गटांतील जीवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. सामू 4.6 च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन एकमेकांत गुंतून दही लागते. ते फडक्यात बांधून निथळले की श्रीखंडाचा चक्का होतो. इडलीचे पीठ फुगते त्याचे श्रेय पुष्कळदा यीस्टला दिले जाते, परंतु ते मुख्यतः ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स या जीवाणूचे आहे. तो आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो आणि उडदातील प्रथिने व चिकट पदार्थ तो वायू धरून ठेवतात. म्हणूनच उडीद कमी पडले तर पीठ आंबट होते, पण हलके होत नाही. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतील थंडीत हेच पीठ रात्रभरात जागचे हलत नाही. मग पातेले गोधडीत गुंडाळून किंवा बंद ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवतात, तर मे महिन्यात ते चार-पाच तासांतच ओतू जाते. कुरडईसाठी गहू आणि अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवण्याची रीतही याच वर्गात मोडते. दोन्हींत पाणी रोज बदलतात, त्यामुळे दाणा आंबून मऊ होतो, पण कुजकट वास आणणाऱ्या जीवाणूंना फार वाव मिळत नाही. पाककृती सांगताना ‘पाणी रोज बदलावे’ एवढेच सांगितले जाते. वस्तुतः या पदार्थांतील सूक्ष्मजीवशास्त्र त्याच एका सूचनेत आहे.

पुण्याची बेकरी म्हटले की लष्कर भागातील श्रुजबेरी बिस्किटे आठवतात, पण त्यांचा खुसखुशीतपणा लोण्यामुळे येतो आणि त्यांत यीस्ट नसते. यीस्टचे काम पाव-ब्रेडपुरते आहे. सकाळी रस्त्याकडेच्या केंद्रांवर विकली जाणारी नीरा हे याच्या उलट टोकाचे, म्हणजे थोपवून धरलेल्या किण्वनाचे उदाहरण होय. शिंदीच्या झाडाचा हा गोड रस थंड ठेवला नाही, तर हवेतील व भांड्यातील यीस्ट आणि झायमोमोनास मोबिलिस हा जीवाणू काही तासांत त्याची ताडी करून टाकतात. हा जीवाणू यीस्टपेक्षा कमी पेशी वाढवून साखरेचे इथेनॉल करतो, त्यामुळे इंधननिर्मितीच्या संशोधकांना त्याचे आकर्षण आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे 1980 च्या दशकात फ्रेंच शँपेनच्या धर्तीवर फेसाळ वाइन तयार होऊ लागली. तिच्यातील बुडबुडे बंद बाटलीत घडवलेल्या दुसऱ्या किण्वनाचे असतात. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाइनच्या द्राक्षांवरही काम चालते.

पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1951 पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथून यीस्ट, जीवाणू व बुरशी यांचे शुद्ध वाण उद्योगांना आणि महाविद्यालयांना पुरवले जातात. मांजरी येथे 1975 मध्ये स्थापन झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था आसवनींसाठी यीस्टचे वाण, चाचण्या आणि प्रशिक्षण यांवर काम करते. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्यात 1955 पासून पेनिसिलिन बनू लागले. ते बुरशीचे काम असल्याने या नोंदीच्या कक्षेबाहेरचे असले, तरी मोठ्या टाक्यांतील निर्जंतुक किण्वनाचा अनुभव या शहराला त्यातून मिळाला.

इंधनासाठीच्या किण्वनात बारामती, इंदापूर, दौंड, जुन्नर या ऊसपट्ट्यातील कारखाने महत्त्वाचे आहेत. कच्चा माल उसाचा रस किंवा साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारी मळी असू शकतो. शेवटच्या फेरीआधीच काढलेली, जास्त साखर असलेली ती बी-हेवी मळी आणि शेवटी उरणारी ती सी-हेवी मळी. सी-हेवी मळीत साखर कमी आणि क्षार जास्त असल्याने यीस्टवर ताण अधिक येतो. पातळ केलेल्या मळीत यीस्ट सोडल्यावर साधारण एक ते दीड दिवसात 8 ते 10 टक्के अल्कोहॉल असलेला द्रव तयार होतो. या क्रियेत उष्णता बाहेर पडत असल्याने टाकी 30 ते 33 अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्यासाठी सतत थंड करावी लागते, आणि उन्हाळ्यात शीतकरणाचे पाणीच कोमट असल्याने उतारा घटतो. तापमान 35 अंशांच्या वर गेले की यीस्ट मंदावते आणि नेमके तेव्हाच लॅक्टिक आम्लाचे जीवाणू जोर धरतात. घरात ज्यांच्यासाठी विरजण जपायचे, त्याच कुळातील जीवाणू येथे संसर्ग ठरतात : ते खातात ती साखर अल्कोहॉलला मुकते, शिवाय त्यांच्या आम्लाने यीस्टही दुबळे होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावरील मळी पूर्ण निर्जंतुक करणे परवडत नाही. त्यामुळे गंधकाम्लाने सामू 4.5 च्या जवळ आणणे, टाक्या व नळ्या वाफेने धुणे आणि गरजेप्रमाणे जीवाणुरोधक वापरणे, असे उपाय योजले जातात. यीस्टच्या महागड्या वाणाची चर्चा पुष्कळ होते, परंतु उतारा बहुधा नळीच्या कोपऱ्यात साचलेल्या गाळावरच जास्त अवलंबून असतो.

नेहमीच्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहॉलची तीव्रता वजनाने 95.6 टक्क्यांपलीकडे जात नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी उरलेले पाणी रेण्वीय चाळणीने, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र पदार्थाने, काढून ती 99.5 टक्क्यांच्या वर न्यावी लागते. 5 जून 2021 रोजी पुण्यात तीन ठिकाणी ई-100, म्हणजे जवळजवळ निव्वळ इथेनॉल, विकणाऱ्या पंपांचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला.

आसवनीतून दर लिटर अल्कोहॉलमागे साधारण 8 ते 15 लिटर गडद तपकिरी सांडपाणी उरते. त्याला कारखान्यात स्पेंटवॉश म्हणतात. ते तसेच नदीत सोडले तर पाण्यातील ऑक्सिजन संपून मासे मरतात. म्हणून पुष्कळ आसवनींत ते बंद पाचक टाक्यांत नेले जाते. तेथे ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू प्रथम सेंद्रिय आम्ले बनवतात आणि त्यांपासून दुसऱ्या गटातील मिथेनजनक सूक्ष्मजीव जळाऊ वायू तयार करतात, जो बॉयलरमध्ये वापरला जातो. यातून सेंद्रिय भार बराच उतरतो, पण मेलॅनॉइडिन या रंगद्रव्यांवर या जीवाणूंचा फारसा परिणाम होत नसल्याने रंग टिकून राहतो. उरलेला द्रव उसाचा रस स्वच्छ करताना निघणाऱ्या गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये, मिसळून कंपोस्ट करणे किंवा आटवून विशेष बॉयलरमध्ये जाळणे, हे त्यावरचे प्रचलित मार्ग आहेत.