पावतीवरच्या ‘संघर्षमुक्त’ शब्दामागचा इतिहास

दागिन्यासाठी हिरा घेताना ‘हा आला कुठून?’ असं विचारलं की बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर मिळतं: काळजी नको, संघर्षमुक्त आहे, किंबर्लीच्या, म्हणजे कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय योजनेच्या, नियमात बसणारा आहे. हे उत्तर बहुधा खरंच असतं, फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं असतं. ‘हिऱ्यातून बंडखोरांना पैसा मिळाला का?’ हा तो प्रश्न नव्वदच्या दशकात अंगोला आणि सिएरा लिओनच्या युद्धांतून उभा राहिला आणि नियमांची चौकटही त्याच मापाने बेतली गेली.

अंगोलात १९७५ पासून यादवी सुरू होती. शीतयुद्ध संपलं तशी सरकार आणि बंडखोर अशा दोन्ही बाजूंना बाहेरून मिळणारी मदत आटली. १९९२ च्या निवडणुकीत हार पदरी आल्यावर जोनास साविंबी यांच्या ‘युनिटा’ या बंडखोर संघटनेने पुन्हा शस्त्रं उचलली, ती ईशान्येकडच्या कुआंगो नदीच्या खोऱ्यातल्या हिऱ्यांच्या जिवावर. नदीच्या गाळातला हिरा काढायला मोठी यंत्रं लागत नाहीत. फावडं, चाळणी आणि दिवसभर पाण्यात वाकून राबणारी माणसं पुरतात. त्या माणसांवर बंदूक रोखणारा कोण, एवढंच मग महत्त्वाचं ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जून १९९८ मध्ये ठराव ११७३ करून अंगोला सरकारच्या प्रमाणपत्राशिवायच्या हिऱ्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेने अहवाल काढून दाखवून दिलं की बंदी कागदावर आहे आणि माल बाजारात येतोच आहे.

सिएरा लिओनमध्ये १९९१ साली सुरू झालेलं युद्धही भीषण होतं. फोडे सांको यांच्या ‘आरयूएफ’ या बंडखोर संघटनेने पूर्वेकडचा कोनो हा हिऱ्यांचा जिल्हा बळकावला आणि गावकऱ्यांचे हात तोडून दहशत बसवली. हिरे शेजारच्या लायबेरियातून तिथले युद्धनेते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले चार्ल्स टेलर यांच्यामार्फत बाहेर पडत. त्याचा पुरावा व्यापाराच्या आकड्यांतच होता. लायबेरियाची स्वतःची उत्पादनक्षमता वर्षाला एक ते दीड लाख कॅरेट. पण १९९४ ते १९९८ या काळात बेल्जियमच्या नोंदींत ‘लायबेरियातून आयात’ म्हणून वर्षाला सरासरी साठ लाख कॅरेटच्या वर माल दिसतो. हा हिशेब ‘पार्टनरशिप आफ्रिका कॅनडा’ या स्वयंसेवी संस्थेच्या जानेवारी २००० च्या अहवालाने मांडला. त्याआधी सरकार आणि आरयूएफ यांच्यातल्या जुलै १९९९ च्या लोमे शांतता करारात तर सांको यांनाच देशाच्या खनिजसंपत्तीचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद दिलं गेलं होतं. ज्यांनी हात तोडले त्यांच्याच हाती खाणी! हे वाचताना आजही संताप येतो.

तोवर ‘रक्तरंजित हिरे’ हे नाव जगभर झालं होतं आणि गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली तर काय, ही धास्ती धंद्याला लागली होती. तीच धास्ती बोट्सवानासारख्या देशांनाही होती. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने हिऱ्यांच्या पैशावर शाळा, रस्ते, दवाखाने उभे केले होते. म्हणून मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली इथे सरकारं, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था एकत्र बसल्या. आधुनिक हिरेधंदा १८७१ नंतर याच गावात वाढला, सेसिल ऱ्होड्स यांनी १८८८ मध्ये डी बिअर्स या हिरे कंपनीची स्थापना केली तीही इथल्या खाणींवर कब्जा मिळवूनच. कृष्णवर्णीय मजुरांना कामाचा करार संपेपर्यंत कुंपणबंद वसाहतीत डांबून ठेवण्याची पद्धतही इथलीच. मात्र वाटाघाटींचा विषय मजुरांचे हाल हा नव्हता, बंडखोरांचा पैसा हा होता.

नोव्हेंबर २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला किंबर्लीची प्रमाणपत्र योजना मंजूर झाली आणि १ जानेवारी २००३ पासून लागू झाली. तिच्यातली व्याख्या अशी: कायदेशीर सरकार उलथवण्यासाठी बंडखोर गट किंवा त्यांचे साथीदार ज्यांच्यातून पैसा उभारतात, ते कच्चे हिरे म्हणजे संघर्षाचे हिरे. सरकारनेच आपल्या लोकांवर गोळ्या झाडल्या, तर तो हिरा या व्याख्येत बसत नाही. लहान मुलं राबवली, नदी गढूळ करून सोडली, मजुरी बुडवली, तरी बसत नाही. शिवाय निर्णय एकमताने, त्यामुळे एका देशाने मान हलवली नाही की सगळं अडतं.

प्रमाणपत्राचीही एक मर्यादा आहे आणि ग्राहकाला ती क्वचितच कोणी सांगतं. ते एका हिऱ्याचं नसतं. मोहोरबंद डब्यातून सीमा ओलांडणाऱ्या कच्च्या मालाच्या अख्ख्या खेपेचं असतं. त्यावर खेपेचं वजन, किंमत, पाठवणारा, घेणारा असे तपशील असतात, आणि अनेक देशांचा माल एकत्र झाला असेल तर मूळ देशाच्या जागी ‘मिश्र’ असं लिहायची मुभा आहे. जगातल्या बहुसंख्य हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात. तिथे पोहोचेपर्यंत खेपा फुटतात, आकार आणि प्रतीप्रमाणे नव्या पुड्या बांधल्या जातात. पैलू पडले की किंबर्लीचं काम संपतं. पुढे विक्रेत्यांच्या पावत्यांवर चालत येते ती हमीची एक ओळ, व्यापाऱ्यांनी स्वतःहून मान्य केलेली. भिंगाखाली पैलूदार हिरा कितीही न्याहाळला तरी तो कुठल्या देशाच्या मातीतला हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून इथे सगळी मदार कागदांच्या साखळीवर आहे.

व्याख्येतली फट किती मोठी आहे, ते झिंबाब्वेत दिसलं. मारांगे इथे २००६ मध्ये हिरे सापडले, हजारो लोक खणायला धावले, आणि २००८ च्या अखेरीस लष्कराने तो भाग ताब्यात घेताना दोनशेहून अधिक माणसं मारली, असं ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या मानवी हक्क संस्थेने नोंदवलं. मारणारं सरकारी लष्कर होतं, बंडखोर नव्हे. निर्यात काही काळ थांबवली गेली, पण नोव्हेंबर २०११ मध्ये किंबर्लीने ती पुन्हा खुली केली. पुढच्याच महिन्यात ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था किंबर्ली योजनेतून बाहेर पडली. ज्या संस्थेने हा प्रश्न जगापुढे आणला तिनेच उठून जावं, यातच सगळं आलं. रशियाचंही तसंच. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतरही अलरोसा या सरकारी भागीदारीच्या कंपनीचे हिरे किंबर्लीच्या लेखी संघर्षाचे ठरले नाहीत. त्यांच्यावर निर्बंध आले ते जी-७ देशांकडून, २०२४ पासून, आणि तिसऱ्या देशात पैलू पाडलेल्या मालात आधी एक कॅरेट व त्यावरचे, मग अर्धा कॅरेट व त्यावरचे.

ही फट बुजवण्याचे प्रयत्न धंद्याच्या आतूनही झाले. कॅनडातली एकाटी खाण १९९८ मध्ये सुरू झाली आणि खाणीचं नाव सांगून हिरा विकता येतो हे लोकांना दिसलं. कच्च्या हिऱ्याची नोंद खाणीपाशीच करून पैलूदार हिरा तिच्याशी जुळवणाऱ्या व्यवस्था अलीकडे आल्या. प्रयोगशाळेत हिरा बनवणं जनरल इलेक्ट्रिकला १९५४ मध्ये जमलं होतं, दागिन्यांत मात्र असे हिरे गेल्या दहा-बारा वर्षांतच मोठ्या प्रमाणावर आले. त्यांच्यात खाणीचा प्रश्न उरत नाही, विजेचा उरतो: ती कोळशाची की जलविद्युत, हे विचारायलाच हवं.

आफ्रिकेतला हिराच नको, असं ठरवून टाकणं मला पटत नाही. सिएरा लिओन आणि काँगोत आजही असंख्य कुटुंबं त्याच फावड्या-चाळणीवर जगतात, आणि गिऱ्हाईक तुटलं की दलाल त्यांना आणखी पाडून भाव देतो. त्यांचा माल थेट, रास्त दराने घेणारे उपक्रम आहेत, पण थोडे. दुकानात ‘संघर्षमुक्त’ ऐकल्यावर खाण कोणती, पैलू कुठे पडले आणि मधल्या हातांची नोंद कोणाकडे आहे, एवढं विचारावं आणि उत्तर लेखी मागावं. कच्च्या हिऱ्यापासूनची नोंद ज्याच्याकडे आहे, त्या विक्रेत्याला ते देता येतं.