मौंट क्लेमेन्स
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिशिगन राज्यातील एक लहान शहर व मॅकोम काउंटीचे मुख्य ठाणे. लोकसंख्या सु. 15,700 (2020). ते डिट्रॉइटच्या ईशान्येस सु. 30 किमी.वर क्लिंटन नदीकाठी वसले आहे. ख्रिश्चन क्लेमेन्स याने 1818 मध्ये गावाची आखणी केली; 1879 मध्ये त्यास शहराचा दर्जा मिळाला. खनिजजलाच्या स्नानांमुळे ते ‘बाथ सिटी’ म्हणून ओळखले जाई.

हे पाणी उन्हाळ्यांचे (गरम पाण्याच्या झऱ्यांचे) नव्हे. मीठ-उत्पादनास बक्षीस देणारा कायदा मिशिगनने 1859 मध्ये केला, तेव्हापासून राज्यात खाऱ्या पाण्यासाठी ठिकठिकाणी जमिनीत खोल छिद्रे घेतली जाऊ लागली. येथील पहिली विहीर बहुधा त्यानंतरच्या दशकातील असावी. खारे पाणी लागले. पण त्यात सोडियम क्लोराइडाच्या जोडीला कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची क्लोराइडे भरपूर होती. पाणी आटवताना ही द्रव्ये मिठाला चिकटून राहतात आणि हवेतील ओल शोषून त्याला पाणी सोडायला लावतात. ती वेगळी काढण्याचा खर्च परवडेना. शिवाय पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असल्याने त्यास कुजक्या अंड्यांसारखा वास येई. मिठाचा व्यवसाय बारगळला, तो असा.

पाण्याचा औषधी गुण प्रथम कोणाच्या ध्यानी आला, याच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. गिरणीतील एकाचा त्वचाविकार या पाण्याने बरा झाला, ही त्यांतील लोकप्रिय कथा. मात्र ती जाहिरातीच्या काळात रंगवली गेली असण्याचा संभव आहे. म्हणून 1873 मध्ये उघडलेल्या पहिल्या स्नानगृहापासून हा इतिहास मोजणे अधिक सयुक्तिक ठरते. उपसलेले पाणी तापवून टबात सोडीत. संधिवाताचे रोगी विशेष येत. त्यांना आतापावेतो ग्रँड ट्रंक रेल्वेची (1859) सोय झाली होती. येथील रेल्वेस्थानकावर 1862 मध्ये टॉमस एडिसनने स्टेशनमास्तरच्या मुलाला गाडीखाली येण्यापासून वाचवले व त्याच्या वडिलांकडून तारयंत्र शिकून घेतले.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या भरभराटीनंतर आर्थिक महामंदी आणि नवी औषधे यांमुळे स्नानगृहे ओस पडली. अखेरचे 1974 मध्ये बंद झाले. कामगार कायद्याच्या अभ्यासकांना मात्र हे नाव मौंट क्लेमेन्स पॉटरी खटल्यामुळे (1946) परिचित आहे. कारखान्याच्या आवारात कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याचा वेळ सर्वोच्च न्यायालयाने त्यात वेतनपात्र ठरवला. पुढल्याच वर्षी काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायदा करून हा हक्क पुष्कळसा आवळला.