ॲस्ट्रो: वजन ओढणारी म्हातारी व्हॅन

अमेरिकेत शेव्हरोले ॲस्ट्रो ही व्हॅन १९८५ च्या मॉडेलपासून २००५ पर्यंत बाल्टिमोरच्या कारखान्यात बनत होती. दिसायला ओबडधोबड, पेट्रोल पिण्यात पटाईत. अपघात-चाचण्यांतही तिची कामगिरी वाईटच होती. तरी बोट किंवा कॅरव्हॅन ओढायची असली, की तिकडचे लोक आजही जुनी ॲस्ट्रो शोधतात.

त्याच सुमारास आलेली क्रायस्लरची मिनीव्हॅन कारच्या धाटणीची होती आणि तिचं इंजिन पुढची चाकं फिरवायचं. जनरल मोटर्सने मात्र ॲस्ट्रोसाठी आपल्या ट्रकांचे भाग वापरले. ४.३ लिटरचं व्ही-६ इंजिन म्हणजे त्यांच्याच ५.७ लिटरच्या व्ही-८ मधले दोन सिलिंडर कमी केलेलं. ताकद जाते ती मागच्या चाकांना, आणि खरी मेख इथेच आहे.

ट्रेलर सरळ चालायचा तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग गाडीच्या मागच्या हुकावर यावा लागतो. समजा हा भार २५० किलो आहे. ॲस्ट्रोच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुमारे २.८ मीटर. हूक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे धरला, तर तरफेच्या हिशेबाने पुढची चाकं १०७ किलोंनी हलकी होतात आणि मागच्यांवर ३५७ किलो वाढतात. उसाची ट्रॉली चढावर नेताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग दाद देत नाही, ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जी चाकं ओढणार तीच हलकी होतात, ओल्या चढावर ती जागीच गरगरतात. ॲस्ट्रोत उलट, ओझ्याने पकड वाढते. योग्य गिअरिंग असलेली ॲस्ट्रो सुमारे २,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढू शकते.

हुकावरचा भार जाचक वाटतो म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सारणं हा जिवाशी खेळ. अशा ट्रेलरला हलका झोका बसला, की ठरावीक वेगाच्या वर तो आपोआप विरत नाही, उलट प्रत्येक हेलकाव्यागणिक वाढत जातो. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतील तर तेवढेच लावावेत.

वीस वर्षांच्या गाडीत इंजिनापेक्षा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आधी थकतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलामार्फत जाते. त्यात इंजिनाकडची बाजू गिअरबॉक्सकडच्या बाजूपेक्षा जास्त वेगाने फिरते, ती घसरण. घसरण जितकी जास्त, तितकी उष्णता जास्त. चढावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सपाट रस्त्यावर इंजिन हळू फिरावं म्हणून दिलेला सगळ्यात वरचा गिअर, चालू ठेवला, तर गिअर वर-खाली होत राहतात आणि तेल आणखी तापतं. म्हणून ओढताना तो बंद ठेवतात. अशी व्हॅन विकत घेताना रंगरंगोटी नंतर बघा, आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून हुंगा. तेल लालसर असेल तर ठीक. तपकिरी आणि करपट वासाचं असेल, तर आतल्या क्लच प्लेटा बहुधा जळालेल्या आहेत.