जागतिक बँकेतला मतदारसंघ

जागतिक बँकेच्या संचालक मंडळात खुर्च्या २५ आणि सभासद देश १८९, मग सगळ्यांना खुर्ची कुठून मिळणार, म्हणून बरेच देश गट करून मिळून एकच संचालक निवडतात आणि त्या गटाला मतदारसंघ म्हणतात. शब्द आपल्या निवडणुकीतलाच, फक्त इथे मतदार म्हणजे अख्खा देश. अमेरिका, जपान, चीन, जर्मनी असे मोठे भागधारक एकेकटे बसतात. बाकीच्यांना सोबती शोधावे लागतात, आणि निवडणूक दर दोन वर्षांनी होते.

भारतही गटातच आहे, सोबत बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका. सुरुवातीला तसं नव्हतं. ज्या परिषदेत ही बँक काढायचं ठरलं त्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत आपले चिंतामणराव देशमुख भारताच्या शिष्टमंडळात होते, पुढे सोव्हिएत युनियन बँकेत आलंच नाही त्यामुळे भारत पहिल्या पाच भागधारकांत गेला आणि स्वतःचा संचालक थेट नेमायचा मान मिळाला. नंतर दुसऱ्यांचे शेअर वाढले आणि तो मान गेला.

गट नेहमी शेजाऱ्यांचेच असतात असं नाही. नेपाळ भारताला खेटून, पण तो बसतो इंडोनेशिया, थायलंड, फिजी, टोंगा यांच्याबरोबर. स्वित्झर्लंडच्या गटात पोलंड आहे आणि कझाकस्तान, ताजिकिस्तानसुद्धा.

खरी गोम मतदानात आहे. संचालकाकडे गटातल्या सगळ्या देशांची मतं जमा असतात पण ती त्याला फोडता येत नाहीत, सगळी गठ्ठ्याने एकाच बाजूला टाकावी लागतात. म्हणजे समजा एखाद्या कर्जाला भूतानचा विरोध आहे आणि गटातल्या बाकी तिघांना ते हवंय, तर संचालक भूतानचं म्हणणं बैठकीत मांडू शकतो, पण भूतानपुरती मतं वेगळी काढून विरोधात टाकू शकत नाही. प्रत्यक्षात मंडळात हात वर करून मोजणी क्वचितच होते, बहुतेक निर्णय सहमतीने होतात, म्हणून लहान देशाला बैठकीच्या आधीच आपल्या संचालकाच्या ऑफिसात आपलं म्हणणं पटवावं लागतं. तिथे आपला एखादा सल्लागार बसलेला असणं फार मोलाचं, कारण कागद आधी त्याच्या हातात येतात.

लहानांसाठी आणखी एक आधार म्हणजे मूळ मतं. शेअर कितीही असोत, प्रत्येक देशाला आधी २५० मतं सारखीच मिळायची. पण भांडवल वाढत गेलं, तशी शेअरवर मिळणारी मतंही वाढली आणि २५० तिथेच राहिली, त्यामुळे एकूण मतांतला मूळ मतांचा वाटा दहा टक्क्यांच्या वरून तीनच्या खाली घसरला. आता हा वाटा ५.५५ टक्क्यांवर बांधून दिलाय आणि तो सगळ्यांत समान वाटला जातो. हे खूप आधी व्हायला हवं होतं.

खुर्ची कोणाची हे गटाच्या आपसातल्या करारावर ठरतं. कॅनडाच्या गटात आयर्लंड आणि कॅरिबियन बेटं आहेत, पण संचालक कॅनडाचाच असतो. उत्तर युरोपातल्या नॉर्डिक-बाल्टिक गटात आठ देश पाळीपाळीने बसतात, अगदी आइसलँडसुद्धा, आणि मला तरी हीच पद्धत न्याय्य वाटते. आफ्रिकेत मात्र पाळीही पुरत नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांना २०१० पर्यंत दोनच खुर्च्या होत्या, मग तिसरी मिळाली, ती नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि अंगोला या तिघांत गेली. उरलेल्या दोन गटांत अजूनही प्रत्येकी वीसच्या वर देश आहेत, म्हणजे दोन-दोन वर्षांची पाळी धरली तर एकदा बसलेल्या देशाचा नंबर परत लागायला चाळीस वर्षं जातात.