सॅनिबेल बेट (निसर्गविहार व शंख-वेचणी)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचे, मेक्सिकोच्या आखातातील रोधक बेट (किनाऱ्यालगत, त्यास समांतर पसरलेले वाळूचे लांबट बेट). लांबी सुमारे १९ किमी., कमाल रुंदी सुमारे ५ किमी.; लोकसंख्या ६,३८२ (२०२०). ब्लाइंड पास या अरुंद खाडीपलीकडे कॅप्टिव्हा हे जोडबेट आहे. १९६३ मध्ये समुद्रसेतू होईपर्यंत मुख्य भूमीवरील पुंटा रासाहून फेरीबोटीने येथे यावे लागे. १९७४ मध्ये बेटाची स्वतंत्र नगरपालिका झाली. हवामान उपोष्ण, पर्यटकांची गर्दी मुख्यत्वे डिसेंबर ते एप्रिल.

नावाविषयी एकमत नाही. कॅस्टीलची राणी इझाबेला हिच्यावरून पॉन्से दे लेओन या स्पॅनिश दर्यावर्दीने ते दिले, ही समजूत सर्वाधिक प्रचलित आहे. बेटाच्या पूर्व टोकाचे पॉइंट इबेल हे नाव या समजुतीच्या बाजूने सांगितले जाते. तथापि १७६५ च्या एका नकाशात येथील बंदराची नोंद ‘पुएर्तो दे एस. निवेल’ अशी आहे. स्पॅनिशमध्ये ‘व’ आणि ‘ब’ यांची अदलाबदल नित्याची असल्याने ‘सॅनिबेल’ हे त्याचेच रूपांतर असणे अधिक संभवते. गॅस्पारिला या दंतकथेतील चाच्याच्या साथीदाराने प्रेयसीचे नाव बेटाला दिल्याची कथा मात्र त्या चाच्याच्या इतर कथांइतकीच भरवशाची मानावी.

रोधक बेटांची उत्पत्ती हा भूरूपविज्ञानातील जुना वाद आहे. एली द बोमाँ (१८४५) यांच्या मते लाटांनी उथळ तळावरील वाळू ढवळून रचलेले दांडे हळूहळू पाण्यावर येतात. जी. के. गिल्बर्ट (१८८५) यांनी किनाऱ्यास समांतर वाहणाऱ्या वाळूला महत्त्व दिले: तिच्यामुळे भूजिव्हा (किनाऱ्यापासून समुद्रात शिरलेला वाळूचा निमुळता पट्टा) लांबत जाते व पुढे वादळात तुटून तिचे बेट होते. डब्ल्यू. जे. मॅकगी (१८९०) यांनी समुद्रपातळी वाढल्याने किनारी वालुकागिरींच्या मागची सखल जमीन बुडाली, असे मानले. हा विचार जे. एच. हॉइट यांनी १९६७ मध्ये पुन्हा जोरकसपणे मांडला. १९७१ मध्ये एम. एल. श्वार्ट्झ यांनी एकाच कारणाचा आग्रह सोडून बहुकारणी उपपत्ती सुचविली, आणि आज सामान्यतः तीच स्वीकारली जाते. सॅनिबेलपुरते बोलायचे तर बेटावर एकामागे एक वळणदार वालुकादंडांच्या रांगा आहेत. बेट टप्प्याटप्प्याने समुद्राकडे वाढत गेल्याचे त्या दर्शवितात. ही वाढ बहुधा गेल्या तीन ते पाच हजार वर्षांतील असावी. रांगांमधील सखल पट्ट्यात गोड्या पाण्याची दलदल आहे. रोधक बेटांवर ती क्वचितच आढळते.

शेजारची बेटे किनाऱ्यास समांतर, म्हणजे स्थूलमानाने उत्तर-दक्षिण पसरलेली असताना सॅनिबेल पूर्व-पश्चिम वळले आहे. त्याची दक्षिण बाजू फावड्यासारखी शिंपले गोळा करते, हे स्पष्टीकरण पर्यटकांना हमखास ऐकविले जाते. उपमा बोलकी असली तरी अपुरी आहे. रुंद व उथळ सागरतळावर मृदुकाय (शंख-शिंपल्यांत राहणाऱ्या) प्राण्यांची विपुल पैदास होते, आणि तळाला उतार अगदी कमी असल्याने कवचे फारशी न फुटता किनाऱ्यास लागतात, हे लक्षात घेतल्याशिवाय येथील विपुलता उलगडत नाही. वेचणीस ओहोटीची, त्यातही हिवाळी वादळानंतरच्या सकाळची वेळ उत्तम. सतत खाली वाकून चालण्याच्या ढबीला ‘सॅनिबेल स्टूप’ असे थट्टेचे नाव पडले आहे. बोमन्स बीच आणि दीपगृहाजवळचा किनारा वेचणीसाठी प्रसिद्ध आहेत. तपकिरी ठिपक्यांचा जुनोनिया हा खोल पाण्यातला शंख क्वचितच हाती लागतो. तो सापडलेल्याचे छायाचित्र स्थानिक वृत्तपत्रात छापण्याचा प्रघात आहे.

लाइटनिंग वेल्क (जुन्या ग्रंथांत बुसिकॉन, हल्ली सिनिस्ट्रोफल्गर) या मोठ्या शंखाची दखल येथे वेगळी घेतली पाहिजे. बहुतेक शंखांचे वळण उजवे असते, याचे डावे: शेंडा वर व तोंड आपल्याकडे धरल्यास ते डाव्या बाजूस उघडते. भारतीय परंपरेत शंख उलट, म्हणजे निमुळती नाळ वर करून पाहतात. त्यामुळे शास्त्रातला हा ‘डावा’ आपल्याकडे उजवा, म्हणजे दक्षिणावर्ती ठरतो. पूजेच्या शंखात (टर्बिनेला पायरम) असे वळण अत्यंत दुर्मिळ असल्याने दक्षिणावर्ती म्हणून विकले जाणारे पुष्कळ शंख प्रत्यक्षात अमेरिकी वेल्क असतात. खऱ्या शंखाच्या मुखात आतल्या कडेला तीन-चार ठळक वळ्या असतात, वेल्कमध्ये त्या नसतात. बेटाचे पूर्वीचे रहिवासी कलुसा लोक याच कवचांची हत्यारे करीत.

१९९५ पासून सॅनिबेलवर जिवंत प्राणी असलेले शंख-शिंपले उचलण्यास बंदी आहे. ती तारामासे, सागरी अर्चिन (काटेरी गोल प्राणी) व सँड डॉलर (चपटा, चकतीसारखा प्राणी) यांनाही लागू आहे. रिकामी कवचे नेता येतात. बेली-मॅथ्यूज शंख संग्रहालय त्याच वर्षी उघडले.

पक्षिनिरीक्षणाचे केंद्र म्हणजे जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या आश्रयस्थानाला १९६७ मध्ये व्यंगचित्रकार व निसर्गसंरक्षक जे नॉरवुड डार्लिंग यांचे नाव देण्यात आले. त्यांना पुलित्झर पारितोषिक दोनदा मिळाले होते. खारफुटीतून जाणारा सुमारे साडेसहा किमी.चा वाहनमार्ग मुळात डासनियंत्रणासाठी घातलेल्या बांधावर आहे. त्या काळी हे काम किती निकडीचे होते, याची कल्पना १९५० मधील एका रात्रीच्या सापळ्यातील साडेतीन लाखांहून अधिक डासांवरून येते. ओहोटीच्या वेळी गुलाबी चमचे (स्पूनबिल पक्षी), बगळे व पाणथळीतील इतर पक्षी जवळून दिसतात. शुक्रवारी हा मार्ग बंद असतो. टारपॉन बे येथे कयाक (वल्ह्याच्या अरुंद होड्या) मिळतात.

सायकलींसाठी सुमारे ४० किमी.चे स्वतंत्र मार्ग आहेत. मासेमारीत टारपॉन व स्नूक हे मुख्य मासे, डब्ल्यू. एच. वुड यांनी १८८५ मध्ये या परिसरात दांडी-गळाने पकडलेला टारपॉन पहिला मानला जातो, परंतु हा मान वादातीत नाही. गोल्फ, टेनिस इत्यादी सोयी अन्यत्रप्रमाणेच. उथळ पाण्यात पाकट (शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे) असल्याने पाय घसटत चालण्याचा सल्ला देतात. २००१ व २००४ मध्ये ॲलिगेटरच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हापासून ॲलिगेटरबाबतचे धोरण कडक झाले. सागरी कासवांच्या विणीच्या हंगामात, स्थूलमानाने मे ते ऑक्टोबर, किनाऱ्यावरील रात्रीच्या दिव्यांवर निर्बंध असतात.

२८ सप्टेंबर २०२२ च्या इयन चक्रीवादळात समुद्रसेतू ठिकठिकाणी तुटला. तात्पुरत्या दुरुस्तीनंतर ऑक्टोबरमध्ये वाहतूक सुरू झाली. १८८४ च्या लोखंडी दीपगृहाचा एक पाय मोडला आणि राखणदारांची घरे वाहून गेली. दिवा २८ फेब्रुवारी २०२३ रोजी पुन्हा लागला.