कुत्रं जाड होतं ते जिवाणूंमुळे की वाडग्यामुळे?

संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारली तर दोन तऱ्हेची कुत्री दिसतात. एक पट्ट्याला बांधलेली, धापा टाकत मालकाच्या मागून रेंगाळणारी; त्यांत लॅब्रॅडॉर जास्त. दुसरी खाऊच्या गाड्यांभोवती हुंगत फिरणारी, कंबरेत बारीक आणि चपळ. पहिल्या तऱ्हेच्या मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "खायला फार देत न्हाई ओ, अंगच तसलं हाय त्याचं." हल्ली त्यात एक भर पडली आहे: "पोटातले बॅक्टेरिया बिघडलेत, त्यामुळं वजन वाढतंय."

हे अगदीच हवेतलं नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटानं जन्मापासून निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले. दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही खाणं आधीपेक्षा कमी झालेलं असताना! २००६ मध्ये त्याच गटानं लठ्ठ उंदरांचे जिवाणू वापरून पाहिले, तर सडपातळ उंदरांच्या जिवाणूंपेक्षा त्यांनी जास्त चरबी चढवली. न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात आंबवून जिवाणू त्याची ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी छोटी आम्लं बनवतात आणि ती शरीर ऊर्जा म्हणून शोषून घेतं. एरवी विष्ठेतून बाहेर पडली असती अशी ऊर्जा पदरात पडते.

पण कुत्रा म्हणजे उंदीर नव्हे. मूळच्या मांसाहारी जनावराचं मोठं आतडं आखूड आणि साधं असतं. तिथल्या आंबवण्यातून त्याला मिळणारी ऊर्जा फार थोडी. शिवाय तिथली वस्तीही वेगळी. फ्युसोबॅक्टेरिया हे जिवाणू माणसात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत सापडतात म्हणून बदनाम आहेत. धडधाकट कुत्र्याच्या पोटात मात्र ते भरपूर असतात आणि असायलाच हवेत. तरीही २०१८ मध्ये ६४ लॅब्रॅडॉर आणि बीगल कुत्र्यांच्या विष्ठेतला डीएनए वाचल्यावर असं दिसलं, की कुत्र्याच्या जिवाणूंची जनुकं उंदराच्या किंवा डुकराच्या जिवाणूंपेक्षा माणसाच्या जिवाणूंशी जास्त जुळतात. हजारो वर्षं आपलं उष्टं खाल्ल्याचा हा परिणाम असावा, असं मला वाटतं.

मग जाड कुत्र्याच्या पोटात नेमकं काय वेगळं असतं? इथं घोळ आहे. २०१३ मध्ये युरोपातल्या घरगुती कुत्र्यांची तुलना झाली, तेव्हा जाड आणि सडपातळ कुत्र्यांत मोठा फरक सापडला नाही. ॲक्टिनोबॅक्टेरिया आणि रोझबुरिया एवढेच जाड कुत्र्यांत थोडे जास्त निघाले. २०१५ मध्ये कोरियातल्या बीगलांवरच्या अभ्यासात जाड कुत्र्यांत प्रोटिओबॅक्टेरिया वरचढ दिसले. "अमुक जिवाणू वाढला की कुत्रं जाड" असं सूत्र मांडता येईल इतका मेळ यात नाही. म्हणून वजन उतरवायच्या नावाखाली कुणी प्रोबायोटिकची, म्हणजे 'चांगल्या' जिवाणूंची, महागडी डबी विकत असेल, तर माझा हात खिशाकडे जाणार नाही.

एक गोष्ट मात्र मला खरोखर महत्त्वाची वाटते. २०१८ च्या अभ्यासातल्या त्याच लॅब्रॅडॉर-बीगलांचं खाणं बदललं. काहींना प्रथिनं जास्त आणि कर्बोदकं कमी, काहींना उलट. चार आठवड्यांत सगळ्यांच्याच जिवाणूंची मांडणी बदलली, पण जाड कुत्र्यांत ती जास्त ढवळली. सडपातळांची वस्ती त्यामानानं ठाम राहिली. म्हणजे वाडगा आधी, जिवाणू त्याच्या मागून. निदान कुत्र्यांच्या बाबतीत आज हाती असलेला पुरावा असाच झुकतो.

मालकाच्या "अंगच तसलं"मध्येही तथ्य आहे, फक्त ते जिवाणूंत नाही. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाला २०१६ मध्ये दिसलं, की ब्रिटनमधल्या सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांत पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला आहे. अशा कुत्र्याला दोन जेवणांच्या मध्ये लवकर भूक लागते आणि, २०२४ मध्ये कळलं त्याप्रमाणे, विश्रांतीत त्याची ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी जळते. त्याचे ते केविलवाणे डोळे नाटक नसतात!

आता वाडग्यात डोकावू. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरची विश्रांतीतली गरज दिवसाला साधारण ९०० कॅलरी. नसबंदी झालेल्या, घरात बसून असणाऱ्या कुत्र्याला त्याच्या दीडपट पुरतं. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे १०० कॅलरी. म्हशीचं एक पेला दूध २५० च्या घरात. कोल्हापुरात दूध म्हणजे म्हशीचंच. आईनं दिलेल्या दोन तेल लावलेल्या चपात्या, आणखी २००. झाल्या साडेपाचशे, आणि यातलं काहीच "खायला दिलं" यात धरलेलं नसतं. रविवारचं मटण तर वेगळंच. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, चरबीनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि शिजलेलं हाड फुटून आतड्यात टोचतं.

जास्त खाण्याची किंमत किती, हेही मोजलेलं आहे. ४८ लॅब्रॅडॉरांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला २५ टक्के कमी खाणं दिलं, तेही जन्मभर. कमी खाणारे सरासरी १३ वर्षांच्या आसपास जगले, दुसरे ११.२. हा निकाल २००२ मध्ये छापून आला.

कुत्रं जाड आहे का, हे हातानं कळतं. आपल्या मुठीच्या मागची हाडं जशी हाताला लागतात तशा बरगड्या लागल्या तर ते रोड. सरळ पसरलेल्या बोटांच्या मागच्या बाजूसारख्या लागल्या तर बेतशीर. आणि तळहातासारखं मऊ लागलं तर जाड. कारवानीला मात्र हे माप तसंच लावू नये. तो धावायच्या अंगाचा कुत्रा. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हणून त्याला शिरा चारायची गरज नाही.

वजन उतरवताना आठवड्याला एक ते दोन टक्के पुरे. खाणं बदलायचं तर जुन्यात नवं मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदलावं. एकदम बदललं तर आतल्या वस्तीला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही आणि कुत्र्याला जुलाब होतात. वजनासाठी छोट्या कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं. ३६ किलोचं धूड उचलत नसेल तर दवाखान्यातला जमिनीवरचा काटा आहेच. दर पंधरा दिवसांनी तिथं नेऊन आकडा वहीत लिहावा, आणि चार बिस्किटंही त्याच वहीत.